अवघड इंग्रजी शब्द व्याख्येतून आणि वापरातून कसे शिकावेत

'मिटिगेट' म्हणजे सौम्य करणे. 'अलीव्हिएट' म्हणजे सौम्य करणे. 'पॅलिएट' म्हणजे तात्पुरते सौम्य करणे. 'अबेट' म्हणजे सौम्य होणे. वहीत असं एकाखाली एक लिहून काढलं की आठवड्याभरात चौघांचाही तोंडवळा सारखाच दिसू लागतो. मग परीक्षेत पर्यायांमध्ये त्यातले दोन शेजारी आले की अंदाजपंचे टिक करायची. पाठांतरात कसूर झालेली नसते. शब्दांची यादी करतानाच त्यांच्यातला फरक गाळून टाकलेला असतो, आणि जे वहीत उतरलंच नाही ते कितीही घोकलं तरी आठवणार कुठून?

दहावी-बारावीचं इंग्रजी ठीकठाक जमतं, बातम्या वाचता येतात, पण अग्रलेख, अहवाल किंवा परीक्षेतले उतारे अडवतात, अशांसाठी ही पद्धत आहे. जीआरई (परदेशी पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा), आयईएलटीएस (इंग्रजी किती येतं हे तपासणारी परीक्षा), स्पर्धा परीक्षा, कार्यालयातले मसुदे, यांतलं काहीही समोर असलं तरी पायऱ्या त्याच. इथे इंग्रजी शब्द देवनागरीत दिले आहेत. वहीत मात्र स्पेलिंग कोशात बघूनच लिहा. उच्चारावरून अंदाज करू नका.

काय काय लागेल

- एक लर्नर्स डिक्शनरी, म्हणजे इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीचा इंग्रजी-इंग्रजी कोश. ऑक्सफर्ड, केंब्रिज, लाँगमन, कॉलिन्स कोबिल्ड यांपैकी कोणतीही. चौघींच्याही संकेतस्थळांवर शब्द फुकट बघता येतात.
- दोनशे पानी वही. शब्दांसाठी डावं पान, वाक्यांसाठी उजवं.
- ३ × ५ इंची कोरी कार्डं, नाहीतर उजळणीची कार्डं ठरल्या दिवशी दाखवणारं अँकी हे ॲप. संगणकावर आणि अँड्रॉइडवर ते फुकट आहे, आयफोनवर विकत घ्यावं लागतं.
- रोजची ४० मिनिटं: १५ वाचनाला, १५ नव्या शब्दांना, १० उजळणीला.

लर्नर्स डिक्शनरीवर इतका भर का, तर साध्या इंग्रजी-इंग्रजी कोशात एका अवघड शब्दाचा अर्थ दुसऱ्या अवघड शब्दाने दिलेला असतो आणि तुम्ही पानं उलटत राहता. लर्नर्स डिक्शनरी मुळात परभाषक विद्यार्थ्यांसाठीच जन्मली. ए. एस. हॉर्नबी या इंग्रज शिक्षकांनी जपानमध्ये शिकवताना सहकाऱ्यांबरोबर केलेला कोश १९४२ मध्ये तिथेच निघाला आणि १९४८ मध्ये तो ऑक्सफर्डने छापला. १९७८ च्या लाँगमनच्या कोशात तर सगळ्या व्याख्या सुमारे २,००० सोप्या शब्दांतच लिहायचा दंडक होता. १९८७ च्या कोबिल्डने व्याख्या पूर्ण वाक्यात द्यायला सुरुवात केली: 'एखाद्याने अमुक गोष्ट अशी केली, तर...' या थाटात. शब्द वाक्यात कसा बसतो हे त्या व्याख्येतच दिसतं, म्हणून सुरुवातीला कोबिल्ड सोयीची पडते.

१. शब्द निवडा, दिसेल तो उचलू नका

'हजार पॉवरफुल शब्द' छाप याद्या बाजूला ठेवा. त्यांत जे चमकदार शब्द असतात ते वर्षभरात एकदा भेटतात, आणि रोज अडवणारे शब्द नेमके नसतात. आधी ॲकॅडेमिक वर्ड लिस्ट घ्या. अव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली मांडलेल्या या यादीत ५७० शब्दकुटुंबं (एक शब्द आणि त्यापासून बनलेली त्याची रूपं) आहेत आणि अभ्यासाच्या पुस्तकांतला साधारण दहावा हिस्सा मजकूर ती व्यापतात. 'ॲम्बिग्युअस', 'इन्हेरंट', 'इन्फर', 'आर्बिट्ररी', 'नॉटविथस्टँडिंग' असे शब्द तिथे सापडतील. ते दिसायला साधे असतात आणि उताऱ्याचा अर्थ त्यांच्यावरच फिरतो.

ती यादी संपली की वाचनातून शब्द घ्या, पण नियम एक: शब्द दोन वेगवेगळ्या ठिकाणी भेटला तरच वहीत. पहिल्यांदा भेटला तर पेन्सिलीने खूण करून पुढे जा.

वाचायचा मजकूर कसा निवडायचा? कोणत्याही पानावरचे सलग १०० शब्द मोजा. त्यांत २-३ अनोळखी असतील तर मजकूर बेताचा. ५ हून जास्त निघाले तर तो सध्या वर ठेवून द्या, कारण मग संदर्भ लावायलाच काही उरत नाही. कोशाच्या टेकूशिवाय नीट समजण्यासाठी शंभरातले सुमारे ९८ शब्द ओळखीचे लागतात, असं या विषयातले अभ्यासक धरून चालतात.

२. कोश उघडण्याआधी अंदाज लिहा

अनोळखी शब्द आला की लगेच मोबाइल हातात घ्यायचा नाही. आधी ते वाक्य, मागचं आणि पुढचं वाक्य वाचा आणि वहीत अंदाज लिहा, चुकला तरी चालेल. उदाहरणार्थ:

'फार फ्रॉम बीइंग टॅसिटर्न, द न्यू ऑफिसर टॉक्ड थ्रू द होल मीटिंग.'

'फार फ्रॉम' म्हणजे 'ते तर राहिलंच, उलट'. अधिकारी सगळी सभा बोलत राहिला, म्हणजे 'टॅसिटर्न' हा बोलघेवड्याच्या विरुद्ध. अबोल. इथपर्यंत वाक्यानेच पोचवलं.

अशी वळणं दाखवणारे शब्द हेरा. 'ऑल्दो', 'डिस्पाइट', 'व्हेअरअ‍ॅज' आले की विरोध. 'दॅट इज', 'इन अदर वर्ड्स' आले की तोच अर्थ सोप्या शब्दांत पुढे येणार. 'सच ॲज' आलं की उदाहरणं.

इथला सापळा असा की काही वाक्यं काहीच सांगत नाहीत. 'शी इज अ मेटिक्युलस पर्सन' यावरून ती बाई रागीट आहे, श्रीमंत आहे की नीटनेटकी, काहीही धरा, वाक्य हरकत घेत नाही. अशा वाक्यावर डोकं खाजवत बसू नका, सरळ कोश उघडा.

३. व्याख्या चार प्रश्नांनी वाचा

बहुतेकांची गाडी घसरते ती इथे. व्याख्येतला पहिला ओळखीचा शब्द उचलायचा आणि कोश मिटायचा, ही सवय आधी मोडावी लागते. प्रत्येक व्याख्येला चार प्रश्न विचारा: ही गोष्ट कशा प्रकारची आहे, इतर तशाच गोष्टींपेक्षा तिचं वेगळेपण काय, ती कोणाबद्दल किंवा कशाबद्दल बोलतात, आणि बोलणाऱ्याचा सूर कौतुकाचा आहे की नापसंतीचा.

'काटेकोर' या एका मराठी शब्दाखाली इंग्रजीतले निदान चार शब्द कोंबले जातात. चार प्रश्न लावले की ते सुटे होतात.

'मेटिक्युलस': कामातला बारीकसारीक तपशील न सोडणारा. रेकॉर्ड, नियोजन, संशोधन यांच्याबद्दल. सूर कौतुकाचा.

'स्क्रुप्युलस': इथे तपशिलाबरोबर सचोटी येते. पैशाच्या व्यवहारात एक रुपयाही इकडचा तिकडे न करणारा. म्हणूनच त्याचा उलटा 'अनस्क्रुप्युलस' हा गबाळा नसतो, तर विधिनिषेध नसलेला, लबाड असतो.

'फॅस्टिडिअस': काटेकोरपणा आवडीनिवडींकडे आणि टापटिपीकडे वळलेला. चोखंदळ, पण पानात वाढलेल्यातलं निम्मं बाजूला सारणारा चोखंदळ. सूर किंचित कुरकुरीचा.

'पिडँटिक': नियमांवर आणि क्षुल्लक चुकांवर अडून बसणारा, शब्दांचा कीस पाडणारा. सूर सरळ नापसंतीचा. शिफारसपत्रात उमेदवाराला 'पिडँटिक' म्हटलंत तर त्याची संधी गेलीच म्हणून समजा.

सूर ओळखण्यासाठी कोशातल्या तिरप्या अक्षरांतल्या खुणा वाचा. 'डिसअप्रूव्हिंग' म्हणजे नापसंतीचा, 'अप्रूव्हिंग' म्हणजे कौतुकाचा, 'फॉर्मल' म्हणजे लेखी किंवा औपचारिक, 'लिटररी' म्हणजे कथा-कवितेतला, 'ओल्ड-फॅशन्ड' म्हणजे आज कोणी बोलत नाही. या खुणा वगळल्या तर 'सिम्प्लिस्टिक' हा 'सिम्पल'चा भारदस्त अवतार वाटतो. प्रत्यक्षात तो दोष आहे: गुंतागुंतीची गोष्ट उगाच सोपी करून सांगणं.

नामापुढचा 'सी' किंवा 'यू', म्हणजे मोजता येणारं की न येणारं, तोही वहीत उतरवा. 'एव्हिडन्स'ला 'एस' लावून 'एव्हिडन्सेस' लिहिणारे ही एवढीशी खूण न बघितल्यामुळे चुकतात.

४. शब्दाचे सोबती गोळा करा

मराठीत पाऊस 'कोसळतो', भाव 'कोसळतात', पण ताप 'उतरतो' आणि पूर 'ओसरतो'. हे आपल्याला कोणी शिकवलेलं नसतं, कानावर पडून पक्कं झालेलं असतं. इंग्रजीत ते मुद्दाम गोळा करावं लागतं. सुरुवातीची चौकडी परत घेऊ.

'मिटिगेट'चे सोबती: रिस्क, इम्पॅक्ट, इफेक्ट्स, डॅमेज. होणारं नुकसान आटोक्यात ठेवणं. दुष्काळाची झळ कमी करणाऱ्या योजना 'मिटिगेट' करतात. न्यायालयात 'मिटिगेटिंग सर्कम्स्टन्सेस' म्हणजे शिक्षा सौम्य करण्याजोगी परिस्थिती.

'अलीव्हिएट'चे सोबती: पेन, सफरिंग, पॉव्हर्टी, सिम्प्टम्स. कोणीतरी सोसत असलेला भार हलका करणं.

'पॅलिएट' एकट्याने फारसा भेटत नाही, पण 'पॅलिएटिव्ह केअर' रुग्णालयाच्या पाटीवर दिसतं: आजार बरा होणार नाही, त्रास तेवढा कमी करायचा. शब्दाचा सगळा अर्थ त्या पाटीत आहे.

'अबेट' बहुतेक वेळा आपलं आपण घडतं. वादळ, गोंगाट, राग, पूर 'अबेट' होतात. म्हणजे ओसरतात.

सोबती शोधायचे दोन मार्ग. कोशातली उदाहरणवाक्यं आधी, निदान तीन. तेवढ्याने भागलं नाही तर शब्द दुहेरी अवतरणात घालून बातम्यांमध्ये शोधा, किंवा कोका नावाच्या अमेरिकी इंग्रजीच्या संग्रहात बघा. त्यात १०० कोटींहून जास्त शब्दांचा मजकूर आहे, नोंदणी केली की फुकट वापरता येतो, फक्त दिवसाला मर्यादित शोध घेता येतात. शब्दाच्या उजवीकडे आणि डावीकडे वारंवार काय येतं ते पाहा आणि वहीत चारच सोबती लिहा. दहा लिहिलेत तर एकही लक्षात राहणार नाही.

शब्दामागून येणारं प्रिपोझिशनही सोबतीच असतं, आणि आपल्याकडच्या निम्म्या चुका त्यात होतात. 'एखाद्या विषयावर चर्चा' हे डोक्यात असल्यामुळे हातून 'डिस्कस अबाउट' लिहिलं जातं. 'डिस्कस'ला काहीच लागत नाही. 'कॉम्प्राइज ऑफ' चूक, नुसतं 'कॉम्प्राइज'. 'कन्ड्यूसिव्ह टू', 'कमेन्शरेट विथ', 'बिरेफ्ट ऑफ', 'ॲव्हर्स टू' हे जोडीनेच लिहायचे आणि जोडीनेच म्हणायचे. आणि 'मिटिगेट अगेन्स्ट' कुठे वाचलंत तर लिहिणाऱ्याला 'मिलिटेट अगेन्स्ट' म्हणायचं होतं, म्हणजे एखाद्या गोष्टीच्या आड येणं. ही चूक इंग्रजी मातृभाषा असलेलेही करतात.

जीआरईवाल्यांनी ही पायरी दुप्पट मनावर घ्यावी. ऑगस्ट २०११ मध्ये त्या परीक्षेतून विरुद्धार्थी शब्दांचे प्रश्न गेले. आता वाक्यातल्या रिकाम्या जागा असतात, आणि सेंटेन्स इक्विव्हॅलन्समध्ये सहा पर्यायांतून असे दोन निवडायचे असतात की दोन्ही वाक्यांचा अर्थ सारखाच राहील. समानार्थी वाटणारी पण त्या वाक्यात न बसणारी जोडी तिथे मुद्दाम पेरलेली असते. नुसती यादी पाठ असलेला त्याच जोडीवर बोट ठेवतो.

५. मराठी प्रतिशब्द शेवटी लिहा, आणि त्यातला फरकही

मराठी प्रतिशब्द लिहूच नका, असं काही शिकवण्यांमध्ये सांगतात. ते पटण्यासारखं नाही. छटा ओळखायची आपली सवय मराठीत आधीच तयार आहे, ती फुकट का घालवायची? 'फ्रूगल' म्हणजे काटकसरी, 'स्टिंजी' म्हणजे चिक्कू, 'पार्सिमोनिअस' म्हणजे लेखी भाषेतला कंजूष, हे एकदा लागलं की सुटत नाही. फक्त प्रतिशब्द चौथी पायरी झाल्यावरच लिहा आणि शेजारी एका ओळीत लिहा की तो कुठे कमी पडतो. मघाचा 'टॅसिटर्न' घ्या. 'मितभाषी' लिहून मोकळे झालात तर पंचाईत. मितभाषी हे आपल्याकडे भूषण आहे. 'टॅसिटर्न' माणूस तुसडा वाटण्याइतका गप्प असतो.

जुन्या कोशांबद्दल एक सूचना. मोल्सवर्थचा १८५७ चा मराठी-इंग्रजी कोश मराठीसाठी खजिना आहे, पण त्यातलं इंग्रजी त्या काळचं आहे. तिथले इंग्रजी शब्द उचलून आजच्या निबंधात घातलेत तर वाचणारा दचकेल.

सगळ्यात फसवे ते मराठीत मुरलेले इंग्रजी शब्द. 'कर्ज सँक्शन झालं' म्हणून आपण पेढे वाटतो. बातमीत एखाद्या देशावर 'सँक्शन्स' लागले तर ते निर्बंध असतात. एकाच शब्दाचे दोन्ही अर्थ खरे, आणि ते जवळपास उलटे. 'ओव्हरसाइट'ही तसाच: देखरेख आणि नजरचूक. 'हॉटेल'मध्ये आपण मिसळ खायला जातो, इंग्रजीत तिथे मुक्काम करतात. ई-मेलमधलं 'आय विल रिव्हर्ट' म्हणजे 'उत्तर देईन' हे भारतात चालून जातं. बाहेर 'रिव्हर्ट' म्हणजे पूर्वस्थितीला जाणं. असे शब्द आले की 'हा येतो मला' म्हणून पुढे जाऊ नका. वहीच्या शेवटच्या पानावर यांची वेगळी यादी ठेवा.

मुळांचा आधार जरूर घ्या. संस्कृत आणि लॅटिन-ग्रीक यांची जुनी सोयरीक आहे, त्यामुळे मराठी माणसाला काही मुळं आयती मिळतात. मॉर्टलमध्ये 'मृ', जंक्शनमध्ये 'युज्', मॅटर्नलमध्ये 'मातृ', नोव्हिसमध्ये 'नव'. 'अग्नॉस्टिक' आणि 'अज्ञेय' तर शेजारी ठेवून पाहा. पण मूळ म्हणजे अर्थ नव्हे. 'इन्फ्लेमेबल'मधला 'इन' नकार नाही, ती वस्तू भडकन पेटते. 'इन्व्हॅल्युएबल' म्हणजे कवडीमोल नाही. तिथे मराठीच मदतीला येते: आपला 'अमूल्य'ही तसाच बनला आहे.

६. उच्चार कानाने पक्का करा

कोशातलं स्पीकरचं चिन्ह दाबा, ऐका, तीनदा मोठ्याने म्हणा. 'एपिटोम' नव्हे, 'इपिटमी'. 'हायपरबोल' नव्हे, 'हायपर्बली'. 'ऑरी' वाटणारा शब्द 'अराय' आहे, 'सबटल' वाटणारा 'सटल', 'इन्डिक्ट' वाटणारा 'इन्डाइट'. 'अल्बीट' म्हणून वाचला जाणारा शब्द 'ऑल-बी-इट' असा तीन तुकड्यांत म्हणतात. कोणत्या तुकड्यावर जोर आहे त्यावर वहीत आडवी रेघ मारा. आपण सगळ्या अक्षरांवर सारखा जोर देतो, त्यामुळे शब्द ओळखीचा असूनही ऐकताना पकडता येत नाही.

७. कार्ड बनवा: पुढे वाक्य, मागे शब्द

पुढे शब्द आणि मागे अर्थ असं कार्ड करू नका. त्याने फक्त ओळख वाढते, शब्द तोंडात येत नाही. पुढच्या बाजूला रिकामी जागा असलेलं वाक्य, शब्दाचं पहिलं अक्षर आणि व्याख्येतले दोन-तीन शब्द. मागे शब्द, उच्चार, चार सोबती आणि मराठी ओळ.

वाक्य स्वतःचं हवं. 'ही इज मेटिक्युलस' हे वाक्य नव्हे. 'द ऑडिटर कीप्स मेटिक्युलस रेकॉर्ड्स ऑफ एव्हरी व्हाउचर' हे वाक्य. ते पारखायची युक्ती सोपी आहे: शब्द काढून तिथे 'गुड' किंवा 'बॅड' घाला. वाक्याचं काहीच बिघडलं नाही, तर ते कच्चं आहे, पुन्हा लिहा.

उजळणी पहिल्या, तिसऱ्या, सातव्या, पंधराव्या आणि तिसाव्या दिवशी. कागदी कार्डांसाठी चपलांच्या खोक्यात पाच कप्पे करा. आलं तर कार्ड पुढच्या कप्प्यात, अडलं तर परत पहिल्यात. अँकी हा हिशेब स्वतः ठेवतं.

दिवसाला ६ नवे शब्द, आठवड्याचे पाच दिवस. जास्त नको, आणि त्यामागे साधं गणित आहे. प्रत्येक शब्द महिन्यात पाच वेळा परत येतो. रोज ६ घेतले तर उजळणीला रोज ३० च्या आसपास कार्डं, दहा मिनिटांत उरकतात. उत्साहाच्या भरात रोज २० घेतले तर महिनाअखेरीला रोज १०० समोर येतात, दोन दिवस चुकले की ३००, आणि मग ॲपच उघडलं जात नाही. शब्दांचा अभ्यास सुटतो तो बहुधा याच वळणावर.

८. दहातले तीन वापरात आणा

सगळे शब्द बोलण्या-लिहिण्यात आलेच पाहिजेत असं नाही. वाचताना ओळखता आले तरी पुष्कळ. आठवड्याच्या ३० शब्दांतून कामाचे ९-१० निवडा आणि रविवारी त्यांतले पाच वापरून १५० शब्दांचा एक परिच्छेद लिहा. विषय रोजचाच घ्या: सोसायटीची सभा, पाणीकपात, एसटीची वेळ. परिच्छेद मोठ्याने वाचा. 'पाणीकपात'वरच्या मजकुरात 'अबेट' ओढूनताणून बसवला असेल तर कानाला लगेच कळतं. तो शब्द काढा, पुढच्या आठवड्यात बघू.

समानार्थी शब्दांचा कोश या वेळी जवळ ठेवू नका. तो आठवणीतला शब्द पुन्हा सापडावा म्हणून असतो, अनोळखी शब्द निवडायला नाही.

अडलेल्या कार्डांचं काय करायचं

काही कार्डं हट्टी असतात. तेच कार्ड आठ वेळा चुकलं की अँकी त्याच्यावर 'लीच', म्हणजे जळू, असा शिक्का मारतं, आणि तशी सेटिंग असेल तर ते बाजूलाही काढतं. आपण होऊन ते परत सुरू करू नका, आधी कारण शोधा. बहुतेक वेळा दिसायला सारखे दोन शब्द एकमेकांत गुंतलेले असतात: 'प्रिव्हॅरिकेट' आणि 'प्रोक्रॅस्टिनेट', 'कन्डोन' आणि 'कन्डेम'. अशी जोडी एकाच आठवड्यात शिकायला घेतली की हमखास घोटाळा होतो. त्यातल्या एकाला महिनाभर सुट्टी द्या. दुसऱ्याचं वाक्य बदला आणि त्यात असा सोबती घाला जो पहिल्याजवळ कधीच जात नाही. 'प्रोक्रॅस्टिनेट'च्या वाक्यात टॅक्स रिटर्नची शेवटची तारीख, 'प्रिव्हॅरिकेट'च्या वाक्यात सरळ प्रश्नाला आडवळणाने उत्तर देणारा साक्षीदार. एवढं करूनही तीन वेळा चुकलं तर कार्ड काढून टाका. शब्द गरजेचा असेल तर वाचनात पुन्हा भेटेल, तेव्हा पेन्सिलीची खूण करून पहिल्या पायरीपासून घ्या.